भट्टीत घातलेला शर्ट

डबा आठवड्यातून एकदाच उघडायचा, असा तिने स्वतःला नियम घालून दिला होता. रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि सासरे आडवे झाले की, तेवढ्यात. पहिले चार महिने तिने तो पाळलासुद्धा. मग रविवारच्या जोडीला बुधवार आला, मग अधूनमधून शुक्रवार. आठव्या महिन्यात तर ती चक्क स्वतःलाच थापा मारायला लागली, की आपण काही वास घ्यायला उघडलेला नाही, झाकण घट्ट बसलंय का तेवढं बघतोय. आता यावर काय बोलायचं! माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा निदान घाबरतो तरी.

डब्यात नवऱ्याचा शर्ट होता. राखाडी, बारीक रेघांचा, कॉलरला विरलेला, खिशाखाली शाईचा डाग. न धुतलेला.

घराच्या मागच्या अंगाला त्यांची अर्काची भट्टी होती. भट्टी म्हणजे फार काही नाही: पत्र्याची शेड, तांब्याचा एक मोठा हंडा, त्याखाली शेगडी, झाकणातून निघणारी वाकडी नळी, ती नळी थंड पाण्याच्या टाकीतून फिरून बाहेर येते तिथे काचेची बाटली. पुदिना, निलगिरी, गुलाब, जे येईल त्याचा अर्क काढायचा आणि दुकानदारांना पोचवायचा. भट्टी सासऱ्यांनी उभी केली. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण नाक असं की पुदिन्याची जुडी कालची की परवाची हे दारातूनच सांगत, आणि परवाची असली तर आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. नवरा गेल्यापासून हंडा ती एकटीच बघत होती आणि उस्ताद शेडच्या दाराशी खुर्ची टाकून नुसत्या नाकाने तिच्यावर लक्ष ठेवत होते.

नवरा गेला तो असा, की गेला हे कळायलाच वेळ लागला. एका सकाळी बाटल्या पोचवायला म्हणून बाहेर पडताना त्याने भट्टीतला मळका शर्ट काढून शेडच्या दारामागच्या खिळ्याला अडकवला, चांगला शर्ट घातला, "आलोच तासाभरात" म्हणाला आणि सायकल काढली. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर छातीत कळ आली म्हणून बसला. अडतीस वर्षांचा माणूस. पुन्हा उठला नाही.

मग नणंद आली. नणंद वाईट नाही हो, मुळीच नाही, पण दुःख झालं की तिला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. इतरांचं दुःख डोळ्यांतून वाहतं, हिचं मोरीतून वाहिलं. दहा दिवसांत तिने भावाचे सगळे कपडे, उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, अगदी पायपुसणीसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवून काढली. फरशी फिनेलने तीनदा पुसली. छत्रीची मूठ, सायकलचं हँडल, चष्म्याचं घर, सगळं घासून लख्ख केलं. कपाटात मुठी-मुठीने डांबराच्या गोळ्या टाकल्या. "वहिनी, आता बघ कसं घर मोकळं वाटेल," म्हणाली आणि रडत रडत गाडीत बसली. घर मोकळं वाटलं, त्यात शंका नाही. सूनबाई कपाट उघडून एकेक सदरा नाकाला लावत गेली आणि प्रत्येक सदरा साबणाचा, साबणाचा आणि साबणाचा.

अकराव्या दिवशी ती भट्टी लावायला शेडमध्ये गेली, तर दारामागे खिळ्यावर तो शर्ट. नणंदेचा हात तेवढ्या एका ठिकाणी पोचला नव्हता. तिने तो तोंडावर दाबला आणि जमिनीवर बसकण मारली. उस्तादांनी दारातून विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा. भोवळ आली." आणि शर्ट पदराखाली घेऊन घरात आली.

त्यांना का नाही सांगितलं? सांगणारच होती. उद्या सांगू, असं म्हणाली. पण भट्टीवर दहा वर्षं काढलेली बाई ती, वासाचा हिशोब तिला चांगला कळत होता. झाकण उघडलं की थोडा उडतो. हुंगला की आणखी थोडा जातो. एका नाकाला वर्षभर पुरेल तो दोन नाकांना सहाच महिने पुरणार, आणि त्यातलं एक नाक उस्तादांचं! तिने डबा आपल्या ट्रंकेत ठेवला, वर स्वेटर टाकले आणि कुलूप लावलं. अशी आपमतलबी ती आयुष्यात कधी वागली नव्हती, आणि हे तिला कळतही होतं. उस्तादही मुलाबद्दल चकार शब्द काढत नसत. दोघं समोरासमोर जेवत, पुदिना महागला म्हणत, पाणी कधी येणार म्हणत. त्याचं नाव कोणीच घेत नव्हतं, कारण आधी ज्याने घेतलं असतं तो रडला असता आणि दुसऱ्याला सावरावं लागलं असतं.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तेवढ्या झिजत होत्या. आणल्या तेव्हा चांगल्या गोटीएवढ्या, आता वाटाण्याएवढ्या. ना ओल, ना डाग, ना भुगा. दगडासारखी घट्ट गोळी पाणी न होता सरळ हवा होऊन जाते, हे तिला उस्तादांनीच शिकवलेलं. कपाट उघडलं की तिच्या अंगावर काटा यायचा. आपल्या डब्यातही हेच चाललंय, असं वाटायचं.

आणि एका गुरुवारी डबा उघडला तर आत नुसता पत्रा. पत्र्याचा वास.

तिने शर्ट उलटा केला, काखेत नाक खुपसलं, कॉलर उलगडली. तेव्हा कुठे, अगदी कॉलरच्या शिवणीत, तो सापडला. मानेचा, उन्हात तापलेला, सायकलच्या तेलाचा, कानामागे खोचलेल्या पेन्सिलीचा. होता. पण किती? आणखी चार वेळा? पाच?

त्या रात्री तिला उस्तादांचा पहिला धडा आठवत राहिला. नवी नवरी असताना त्यांनी तिला हंड्यापाशी उभं करून सांगितलं होतं, "हे बघ सूनबाई, वास पानात झोपलेला असतो. पान सुकलं की तीन दिवसांत तोही उडाला. आपण काय करायचं? वाफेने त्याला उठवायचं, नळीतून चालवायचं, थंड पाण्यापाशी नेऊन बसवायचं. घट्ट होता, वाफ झाला, थेंब झाला. उठव, चालव, बसव. एवढंच आपलं शास्त्र. पण वाफ असते ना, तेवढा वेळ डोळ्यात तेल घालून बघायचं. चमचाभर अर्काची वाफ वासाने अख्खी खोली भरते. फटीतून निसटली, की मग बस बोंबलत."

तीन दिवस टिकणारं पान तीन वर्षं बाटलीत राहतं. तिने स्वतः हजारो बाटल्या भरल्या होत्या. मग एक बाटली आपली का नको? तिला वाटलं, इतके महिने हे सुचलं कसं नाही! असला विचार दुसऱ्या कोणाच्या डोक्यात शिरला नसता. लोक फोटो लावतात, पत्रं जपतात. ही अर्कवाली. ती अर्कच काढणार.

शनिवारी तिने हंडा चिंचेने घासला आणि नुसतं पाणी घालून तीनदा रिकामी वाफ काढली, पुदिन्याचा लवलेशही राहू नये म्हणून. उस्ताद दारातून म्हणाले, "आज एवढी कसली घासाघीस? गुलाब येणार आहे का?" ती म्हणाली, "तांबं काळवंडलं होतं." दुपारी ते घरात जाऊन झोपले. तिने शेडचं दार लोटून घेतलं.

कुठलाही नवा माल एकदम हंड्यात घालायचा नाही, आधी मूठभर घालून बघायचं, हा भट्टीवरचा नियम. म्हणून तिने कात्री आणली होती. शर्टाची एक बाही कापायची आणि तेवढीच चढवून बघायची. शिवणीला कात्रीचं पातं लावलं, पण तिला ते मिटवेना. ही बाही त्याच्या हाताची. याच बाहीने तो कपाळ पुसायचा, आणि आपण ओरडायचो, रुमाल काय शोभेला आणलाय का म्हणून. तिने कात्री ठेवून दिली. शर्ट अख्खाच्या अख्खा घडी करून हंड्यातल्या जाळीवर ठेवला, निजलेल्या लेकराला ठेवावं तसा, आणि झाकण लावून शेगडी पेटवली.

आणि जी चूक दहा वर्षांत कधी केली नव्हती ती त्या दिवशी केली. झाकण आणि हंड्याच्या काठामधली फट कणकेची वळी थापून बुजवावी लागते. कणीक भिजवून ठेवलेली होती, परातीत, झाकून. ती लावायलाच विसरली. लक्ष सगळं पलीकडे, बाटलीकडे.

पाणी उकळायला लागलं. नळी तापली. बाटलीत पहिला थेंब पडला, मग दुसरा. तिने बोट लावून नाकाशी नेलं. ओल्या कापसाचा वास. थोडा साबण. बाकी काही नाही. येईल, पहिल्या थेंबांत कधी काही नसतं, असं म्हणत ती बसून राहिली. तिचा जीव त्या नळीच्या तोंडाशी लागला होता. तेवढ्यात मागे फुस्स असा आवाज झाला. झाकणाच्या कडेने वाफ निघत होती, चांगली हातभर रुंद.

ती परातीकडे धावली. कणीक वरून सुकून कडक झालेली. पाणी घालून ती मळायला घेतली, कणीक हाताला चिकटत होती, आणि तोंडाने ती "थांब रे, थांब जरा" म्हणत होती. कोणाला म्हणत होती, तिलाच ठाऊक.

आणि दार उघडलं.

"आलास होय रे?" उस्ताद दारातून म्हणाले. झोपेतून उठलेला मोकळा, खडा आवाज, आठ महिन्यांत तिने ऐकला नव्हता असा. "केवढा उशीर केलास! तासाभरात येतो म्हणून..."

ते थांबले. त्यांच्या हाताने चौकट धरली. तोंड उघडंच राहिलं होतं. मुलगा गेला हे त्यांना पुरतं ठाऊक होतं हो, भ्रम वगैरे काही झाला नव्हता. पण नाकाला कोण सांगणार? ते पुढे धावलं आणि डोकं मागून आलं.

सूनबाई कणीक हातात घेऊन उभीच राहिली. आणि तेव्हा तिच्याही लक्षात आलं, की शेडभर तो होता. शिवणीत नाक खुपसून शोधावा लागणारा नव्हे. सगळीकडे. मान, ऊन, तेल, पेन्सिल, दाढीचा स्वस्तातला साबण, सकाळी उठल्यावरचा अंगाचा उबारा. पत्र्याखाली, टाकीवर, तिच्या केसांत. बाटलीवर डोळे लावून ती बसली होती आणि तो तिच्या पाठीशी येऊन उभा होता.

"कुठे ठेवला होतास गं त्याला?" उस्तादांनी विचारलं.

"डब्यात," ती म्हणाली. "शर्ट आहे, बाबा. इथे खिळ्याला राहिला होता."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

उस्ताद चाचपडत दोन पावलं आत आले. "मी घरभर हुंगत फिरतोय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू भट्टीवर असलीस की मी त्याच्या खोलीत जातो. छत्री बघितली. चष्म्याचं घर बघितलं. भिंतीला नाक लावलं, तो पलंगावर टेकून बसायचा तिथे. सगळीकडे साबण. शेवटी मला वाटलं, माझं नाकच गेलं. डोळे गेले तेव्हा काही वाटलं नव्हतं एवढं..."

"चुकले बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, दोघांनी घेतला तर लवकर संपेल."

"संपला असताच की. पण एकट्याने किती कुढायचं गं पोरी, तू तिकडे आणि मी इकडे!"

झाकणाखालून वाफ निसटतच होती. तिने हातातल्या कणकेकडे बघितलं. "बाबा, मी फट बुजवते. अजून अर्धा तरी शिल्लक असेल. बाटलीत घेऊ. तुम्हाला एक, मला एक."

"थेंबाचा वास घेतलास?"

"घेतला."

"आहे त्यात?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नाही," ती म्हणाली. "येईल ना पण?"

"नाही यायचा. पानात तेल असतं, ते पाण्यावर तरंगतं, म्हणून आपल्याला धरता येतं. माणसाला कुठलं एवढं तेल! फट बुजवलीस तर तो नळीतून जाईल आणि टाकीपाशी पाणी होऊन बसेल. मग ना तुला, ना मला. पण शर्ट तू जपलास. तू ठरव."

तिने आठ महिने ज्याच्यासाठी कुलपं लावली ते सोडून द्यायचं होतं, आणि तेही आपल्या हाताने. कणीक मळताना ज्याला "थांब" म्हणत होती त्याला आता जा म्हणायचं. तिला तो हवा होता. शर्ट नको, बाटली नको, तो हवा होता, घामेजलेला, बाहीने कपाळ पुसणारा, "चहा टाक गं जरा" म्हणणारा. तिने कणीक परातीत टाकली. शेगडी बारीक केली, फडकं घेतलं आणि झाकण उचललं.

वाफेचा एक मोठा लोट उठला आणि पत्र्याला जाऊन भिडला. उस्तादांनी दोन्ही हात पुढे केले, दारात आलेल्याला धरायला करतात तसे. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघांनी छाती भरून श्वास घेतला. उस्ताद रडत होते आणि हसतही होते, आणि मध्येच म्हणाले, "आंघोळीचा कंटाळा बघ मेल्याचा!" ती इतकी हसली की हसता हसता हुंदकाच आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात त्याच्यावर कोणीतरी चिडलं होतं.

चार-पाच मिनिटांनी तिला वास येईनासा झाला. ती घाबरली. "गेला, बाबा?"

"गेला नाही. नाक दमलं आपलं. सारखा एकच वास घेतला की दमतं. चल, बाहेर जाऊन येऊ." मालाची पारख करताना ते असंच करत, बाहेर मोकळ्या हवेत शंभर आकडे मोजून पुन्हा आत येत. ती त्यांचा हात धरून अंगणात आली. तिने आकडे मोजले. साठाच्या पुढे तिला धीर धरवेना, म्हणून साठावरून तिने एकदम नव्वद म्हटलं, आणि उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आत आले तर तो होता. कमी झाला होता, पण होता. "तो आमच्या लग्नात केवढा गोंधळला होता, तुम्हाला आठवतं?" तिने विचारलं, आणि उस्तादांनी तिला तो पाच वर्षांचा असताना टाकीत पडल्याची गोष्ट सांगितली, जी तिने नवऱ्याच्या तोंडून दहा वेळा ऐकली होती आणि दर वेळी टाकी जास्त खोल होत गेली होती. उस्तादांच्या गोष्टीत टाकी गुडघ्याएवढीच निघाली. मग नाक दमलं. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. या खेपेला तो फक्त हंड्याच्या काठाशी होता, ओल्या कापसात मिसळलेला. दोघंही वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

तिसऱ्या खेपेला उस्ताद अंगणातच थांबले. "तू बघून ये," म्हणाले. "मी आहे इथे."

ती आत गेली. वाफ सगळी बसली होती. पत्र्यावरून पाण्याचे थेंब टपकत होते, भिंत ओली झाली होती. हंड्यात जाळीवर शर्ट पडला होता, उकडलेला, स्वच्छ, कोणाचाही असावा असा. तिने कॉलर उलगडली, शिवणीला नाक लावलं. डोळे मिटून हळूहळू श्वास घेतला, उस्तादांनी शिकवला होता तसा. मग काख बघितली. बाही बघितली. खिसा बघितला. शाईचा डागसुद्धा पुसट झाला होता.

ती बाहेर आली. उस्तादांनी मान तिच्या पावलांच्या दिशेला वळवली.

"आहे का गं?"

"नाही, बाबा."

अंगणात ऊन होतं. शेजारी कोणीतरी सायकल धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला.

"तुझं नाक दमलं असेल," उस्ताद म्हणाले.

"असेल," ती म्हणाली.

तिने त्यांचा हात धरला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. या वेळी तिने एकही आकडा गाळला नाही, अगदी सावकाश मोजत राहिली, आणि शंभर झाले तरी दोघांपैकी कोणीच दाराकडे पाऊल टाकलं नाही. मग उस्ताद म्हणाले, "पुन्हा मोज." आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.